सम वर्ष मम्मीचं, विषम वर्ष डॅडीचं

मित्रांनो, तुम्ही मला खुर्ची म्हणाल, पण मला पाय नाहीत. मोटारीच्या मागच्या सीटवर लहान मुलांना ज्यात बसवून पट्ट्यांनी बांधतात, ती मी. आता जुनी झाले आहे. माझ्या कापडाचा मूळ रंग कोणता आणि केचपचा कोणता, हे मलाही सांगता येणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे चाचणीसाठी माझ्या एका बहिणीला बाहुल्यासकट भिंतीवर आपटलं. बाहुल्याला काही झालं नाही. बहिणीचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. पण त्यामुळे आम्ही सगळ्या सुरक्षित ठरलो आणि मी अमेरिकेत, ओहायोतल्या लिमा गावी पोहोचले. टॅबिथा आणि वेस्ली या नवराबायकोने मला विकत घेतलं. त्यांची मुलगी ओपल अजून जन्मायची होती. मला गाडीत नीट बसवलंय का ते तपासून घ्यायला दोघं अग्निशमन केंद्रात गेले. एका मिशाळ जवानाने मला गदागदा हलवलं आणि म्हणाला, "ही कुठे जात नाही." आयुष्यात माझं एवढंच कौतुक झालं. मला ते पुरलं.

ओपल बोलायला शिकली आणि तिचे आईबाप एकमेकांशी बोलायचे थांबले. भांडी वाटली, टीव्ही वाटला. मी एकच होते, म्हणून दोघांकडे राहिले. ओपल टॅबिथाकडे राहायची. शनिवारी सकाळी पेट्रोल पंपावर, हवा भरायच्या यंत्राजवळ, मला आणि तिला वेस्लीच्या गाडीत हलवत आणि संध्याकाळी परत आणत. वेस्ली चुलतभावाच्या तळघरात राहत होता. मुलीला रात्री ठेवायचं तर तिला वेगळी खोली हवी, असं कोर्टाने सांगितलं होतं.

आणखी एक वाटणी होती. तिकडे दर वसंतात लोक कराचा कागद भरतात. ज्याच्या कागदावर मूल असेल त्याला सरकार मुलामागे पैसे देतं. एक मूल दोघांच्या कागदावर चालत नाही. म्हणून वेगळे झालेले आईबाप मुलाला वर्षांमध्ये वाटून घेतात. सम वर्ष टॅबिथाचं, विषम वर्ष वेस्लीचं. ते साल दोन हजार एकवीस होतं. येत्या वसंतात आपल्या वाट्याचे पैसे आले की बघून ठेवलेलं दोन खोल्यांचं घर भाड्याने घ्यायचं, असं वेस्लीने ठरवलं होतं. भिंत जांभळी रंगवायची, इथवर बापलेकीचं बोलणं झालं होतं.

पण त्या जुलैत सरकारने प्रेमाचा झटका आल्यासारखं केलं. वसंताची वाट कशाला बघायची म्हणून निम्मे पैसे आधीच, दर महिन्याला पाठवायला सुरुवात केली. कुणाला? तर मागच्या वर्षी ज्याच्या कागदावर मूल होतं त्याला. मागचं वर्ष सम होतं.

"टॅबी, तीनशे डॉलर आले म्हणे," मला उचलता उचलता वेस्ली म्हणाला.

"आले. पाळणाघराला गेले."

"हे वर्ष माझं आहे."

"मग सरकारला सांग. मी काही मागायला गेले नव्हते."

"आणि गपचूप खाल्लेस?"

"तुझ्या मुलीने खाल्ले. पाळणाघरात दुपारचं जेवण देतात."

मी त्या वेळी वेस्लीच्या हातात उलटी लटकत होते. माझ्यातून बिस्किटांचा चुरा त्याच्या बुटांवर पडला. कुणी हसलं नाही.

"पैसे नको म्हणायला वेबसाइटवर बटण आहे. दाब ते."

"बटण दाबलं की पाळणाघर बंद. पाळणाघर बंद की माझी नोकरी बंद. मग ने पोरीला तुझ्या टायरच्या दुकानात, लाव पंक्चर काढायला!"

ओपल दोघांच्या मध्ये उभी होती. "डॅडी, या वर्षी मी तुझी आहे?"

"हो गं. कागदावर."

"मग खोली कधी?"

वेस्लीने मला सरळ केलं आणि आपल्या गाडीत ठेवलं.

मित्रांनो, त्याला वाटत होतं, दर महिन्याला आपल्या वसंताचा एकेक तुकडा टॅबिथा खातेय. टॅबिथाला वाटत होतं, हे पैसे एक दिवस परत द्यावे लागणार आणि ते आपल्याकडे नसणार. दोघं घाबरलेले होते. घाबरलेली माणसं फार सुंदर टोमणे मारतात. ऑक्टोबरात वेस्ली म्हणाला, "वसंतात माझ्या हातात काय पडणार? भोपळा!"

"मला मोठा हवा," ओपल म्हणाली. हॅलोविन, भोपळे कोरायचा सण, जवळ आला होता.

तेव्हाही कुणी हसलं नाही. वेस्लीने मला त्याच्या गाडीतून सोडवलं आणि जमिनीवर ठेवलं. "डकोटात तेलाच्या विहिरींवर काम आहे. मी निघतोय."

"पळ. तेवढं तुला येतंच."

"मग राहून काय करू? खोली होणार नाही. तिला तोंड काय दाखवू?"

टॅबिथाने मला उचललं आणि आपल्या गाडीत करकचून बांधलं. इतकं घट्ट मला कुणी कधी बांधलं नव्हतं. सुरुवातीला वेस्लीचे फोन येत. मग विरळ झाले. मग थांबले.

वसंतात टॅबिथा कराचा कागद भरून देणाऱ्या बाईंकडे गेली. तिची गाडी बिघडली होती. शेजारीण आम्हाला दारात सोडून गेली, म्हणून मीही ऑफिसात, कुंडीशेजारी. बाईंचं नाव मिसेस प्रुइट.

"किती परत करायचे?" टॅबिथाने विचारलं. पर्स तिने पोटाशी धरली होती.

"काही नाही, बाळा."

"पण ते त्याचं वर्ष होतं."

"असू दे. तुझी कमाई इतकी थोडी आहे की सरकार तुझ्याकडून परत मागत नाही."

"मग ते त्याच्यातून कापणार?"

"त्याच्यातून कशाला? त्याने मुलीला त्याच्या कागदावर दाखवलं की त्याचे त्याला पूर्ण मिळतील. अगं, जुलैतच कुणाला तरी विचारायचं नाही का?"

टॅबिथा हसायला लागली. ते हसणं थांबेना. मिसेस प्रुइटनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. मग तो डबाच तिच्या मांडीवर ठेवला.

तिने तिथूनच वेस्लीला फोन लावला. तो नंबर बंद झाला होता. चुलतभाऊ म्हणाला, डकोटा सोडून तो टेक्सासला गेला असं ऐकलंय, पत्ता नाही. पैसे मिळणार आहेत हे ज्याला ठाऊकच नाही, तो ते मागणार तरी कसा? ते दोन खोल्यांचं घर दुसऱ्याच कुणी घेतलं.

एक सम वर्ष असंच गेलं. आज नव्या वर्षाचा पहिला दिवस आहे आणि मी घराबाहेरच्या पायऱ्यांवर आहे. ओपलने मला बर्फातून ओढत इथे आणलं. सोबत तिची दप्तराएवढी बॅग आहे.

"अगं, हे काय चाललंय?" टॅबिथाने दारातून विचारलं.

"विषम वर्ष लागलं, मम्मी. डॅडीच्या गाडीत खुर्ची नसेल, म्हणून ही काढून ठेवली."

टॅबिथा आत जाऊन गोधडी घेऊन आली आणि लेकीच्या शेजारी बसली.

मित्रांनो, माझे पट्टे पुसत जा, बकल तपासत जा, हे तर मी सांगेनच. पण कुणावर चिडण्याआधी, ज्याला खरं ठाऊक आहे त्याला एकदा विचारा. आणि मुलांच्या डोक्यावरून बोलू नका. ती खाली उभी राहून सगळं खरं मानतात.

आता रस्त्यावरून एक गाडी येतेय. ओपल उठली आहे. तिने मला दोन्ही हातांनी डोक्यापर्यंत उचलून धरलंय, म्हणजे गाडी चालवणाऱ्याला मी लांबून दिसेन.