पातेल्यातला रोग

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यावर माणसं, खिडक्यांत माणसं, आणि मंचावर गॅसच्या शेगडीमागे पातेलेबाबा. रोग्याने काचेच्या पातेल्यातल्या गार पाण्यात दोन्ही हात बुडवायचे, बाबांनी डोळे मिटून पुटपुटायचं, मग हात बाहेर आणि पातेलं शेगडीवर. पाणी तापलं की त्यात पांढरे धागे, चिंध्या, गुठळ्या तरंगू लागत.

“बघा, कसा सुटतोय! डॉक्टर रोगाला आत दाबतात, आम्ही बाहेर ओढतो!”

तिसऱ्या खेपेला पाणी नितळ राहिलं की रोग संपला. गोळ्या पहिल्याच खेपेला कचऱ्यात.

आज आमच्या धाकट्या भावाची तिसरी खेप होती. त्याचं पाणी नितळ राहिलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तो खुर्च्यांना धरत धरत आमच्यापाशी आला. पाय इतके सुजलेले, की चपलेत मावत नव्हते.

“ताई, बघितलंस ना? नितळ!”

ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, जीवरसायनशास्त्रज्ञ. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते, ती पुन्हा कशी बसते, या एका प्रश्नात तिची हयात गेली. तीही अंड्याच्या पांढऱ्यावर. बढत्या इतरांना मिळाल्या, तिला प्रथिनं. धाकटा चारचौघांत सांगायचा, “आमची ताई पगार घेऊन अंडी उकडते.”

त्याची मूत्रपिंडं बिघडली तेव्हा तिनेच त्याची लघवी परीक्षानळीत तापवून त्याला पांढरा गढूळपणा दाखवला होता. “हे तुझ्या अंगातलं प्रथिन गळतंय. हे नितळ दिसलं, की समज बरा होतोयस.” बाबांना त्याला वेगळं पटवावंच लागलं नाही.

ताई उठून मंचावर गेली. पुढच्या रोग्यासाठी भरून ठेवलेलं पातेलं तिने उचललं आणि सरळ शेगडीवर ठेवलं.

“अहो बाई, अजून कुणी हात बुडवले नाहीत!”

“म्हणूनच,” ताई म्हणाली.

पाणी तापलं. पांढरे धागे सुटले.

बाबा तयारीचे होते. “तुमचा हात लागला ना! तुमचा अहंकार निघाला, बाई!” लोक खो खो हसले.

ताईने दुसरं पातेलं नळाखाली भरून आणलं, त्यात कोपरापर्यंत हात बुडवले आणि ते उकळलं. काही नाही.

“माझा अहंकार इतक्यात संपला वाटतं,” ती म्हणाली. “अंड्याचा पांढरा भाग आहे हा. चिमूटभर मीठ टाकून गार पाण्यात कालवायचा, फडक्यातून गाळायचा. डोळ्यांना दिसत नाही. तापलं की त्यातल्या प्रथिनाच्या घड्या सुटतात, एकमेकींत गुंततात आणि पांढऱ्या गुठळ्या होतात. तिसऱ्या खेपेला नुसतं पाणी देतात.”

हॉलमागची मांजरं एवढी गुबगुबीत का, हे मला तेव्हा कळलं. पिवळा बलक कुठेतरी जायलाच हवा होता.

बाबा मागच्या दाराने सटकले. एक बाई मात्र ताईवरच डाफरली. “बरं वाटत होतं आम्हाला! काय मिळालं तुम्हाला?” ताई धाकट्याकडे वळली.

“गोळ्या कधी बंद केल्यास?”

“पहिल्या खेपेलाच.” त्याने मान खाली घातली. “गढूळ निघताना दिसलं, आज नितळ झालं. तूच म्हणाली होतीस ना, नितळ दिसलं की…”

“तुझ्या लघवीबद्दल बोलले होते रे, राजा. त्याच्या पातेल्याबद्दल नाही.”

आता तो रक्त गाळणाऱ्या यंत्राशेजारी पडून असतो. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू असत्या तर मूत्रपिंडं अजून बरीच वर्षं टिकली असती. परवा त्याने विचारलं, “ताई, तुझी ती प्रथिनं परत घडी घालतात ना?”

“काही घालतात.”

“आणि माझी मूत्रपिंडं?”

ताईने त्याच्या पायांवरची चादर सारखी केली. एकदा केली, पुन्हा केली. “नाही,” ती म्हणाली.

बाबांनी म्हणे दुसऱ्या गावात हॉल घेतलाय. तुमचं माणूस तिथे निघालं, तर भांडू नका, रडू नका. सोबत जा. आणि कुणी हात बुडवायच्या आधी ते पातेलं तापवून बघा.