दोन खऱ्या, एक खोटी

वर्षालीच्या पायाला फुगा बांधला तेव्हाच तिचं टाळकं फिरायला लागलं होतं. चाकणच्या या कारखान्यात ती ठेकेदाराच्या माणसांत वर्षानुवर्षं पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर राबली, आणि आता कंपनीने कायम केली म्हणून कंपनीच्या लेखी ती नवी. नव्यांचं स्वागत खेळीमेळीत व्हावं, अशी एचआरच्या स्वरूपा मॅडमची हौस. मग काय, कॉलेजातून थेट आलेल्या इंजिनिअर पोरांबरोबर ही दोन लेकरांची आई हॉलभर उड्या मारत फुगे फोडत होती. जिथला कानाकोपरा तिला तोंडपाठ होता, तिथे तिच्या छातीवर 'वेलकम'चा बिल्ला होता.

तरी ती हसत होती. नवरा घरी बसलेला, तळवड्यातली खोली तिच्या एकटीच्या पगारावर चाललेली. प्रोबेशन संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं तिने स्वतःला बजावून ठेवलं होतं.

पण सकाळी हॉलकडे येताना ती वाट वाकडी करून आपल्या जुन्या मशीनपाशी गेली होती. तिथे आता नूरबी उभी होती, राजगुरुनगरहून येणारी, ठेकेदाराने नुकतीच घेतलेली पोरगी. प्रेसखाली हात गेला की मशीन जागच्या जागी थांबवणारा एक सेन्सर असतो. तो अजून बंदच. त्याला बंद ठेवणारा तारेचा तोच तुकडा, तीच काळी चिकटपट्टी. सेन्सर चालू असला की मशीन सारखं थांबतं आणि माल कमी निघतो, एवढंच कारण. याच मशीनने वर्षालीच्या डाव्या हाताचं बोट अर्धं नेलं होतं. तिने सुपरवायझर ज्योतीरामला हटकलं, तर तो म्हणाला की तू आता कायम झालीस, दुसरीच्या मशीनमध्ये नाक खुपसू नकोस, कायमची ऑर्डर हातात आली म्हणून हुरळून जाऊ नकोस.

ती मुकाट्याने हॉलमध्ये आली. पण कानात त्या प्रेसचा धाड धाड आवाज येत राहिला, आणि प्रत्येक आवाजाबरोबर तिला नूरबीची कोवळी बोटं दिसत होती.

फुगे झाले. मग मॅडमनी नवा खेळ काढला. प्रत्येकाने स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, दोन खऱ्या, एक खोटी. खोटी कोणती ते बाकीच्यांनी ओळखायचं; ओळखेल त्याला चॉकलेट. कुणी सांगितलं मी गिटार वाजवतो, कुणी म्हणालं मला मांजराची भीती वाटते. पोरं खिदळत होती. दाराशी उभा राहून ज्योतीरामही दात काढत होता.

वर्षालीची पाळी आली. सांगण्यासारखं काहीबाही होतं. मला पोहता येतं, असलं काहीतरी सांगून सुटता आलं असतं. पण खोटी गोष्ट म्हणताच तिला एकच आठवली. बोट गेलं त्या दिवशी तिचा हात फडक्यात गुंडाळून ज्योतीराम तिला कंपनीच्या नेहमीच्या दवाखान्यात न नेता पार दिघीला घेऊन गेला होता, आणि डॉक्टरला काय सांगायचं ते गाडीतच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती म्हणाली, "मी इथं खूप वर्षं प्रेसवर काम केलंय. माझं एक बोट अर्धं आहे. ते घरच्या लोखंडी दारात चेंगरलं."

प्रज्वल नावाच्या एका नव्या इंजिनिअरने लगेच हात वर केला. ताई तर आजच जॉइन झाल्या, म्हणजे पहिली गोष्ट खोटी. सगळे हसले. मॅडम चॉकलेट घेऊन त्याच्याकडे निघाल्या.

"तिसरी खोटी आहे," वर्षाली म्हणाली. "बोट तुमच्या प्रेसमध्ये गेलं. दाराचं ज्योतीरामभाऊंनी शिकवलं. सेन्सर तेव्हाही बंद होता, आजही बंद आहे, आणि आत्ता तिथं नूरबी काम करतेय."

मॅडमचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. हे आपण नंतर शांतपणे बोलू, आत्ता सगळ्यांचा मूड जाईल, असं म्हणून त्यांनी पुढचा खेळ सुरू करायला टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांनी घात केला. वर्षाली ज्योतीरामला खांद्याने बाजूला सारून बाहेर पडली. पायाला बांधलेला फुगा कुणी फोडलाच नव्हता, तो मागून घसटत आला. मागोमाग मॅडम, पोरं, ज्योतीराम. मशीनपाशी पोचताच तिने लाल बटणावर जोरात तळवा मारला. प्रेस वरच्या वर थांबला.

ज्योतीरामने सगळ्यांसमोर सांगितलं की तुझी नोकरी गेली म्हणून समज. मग नूरबीकडे वळून त्याने मशीन चालू करायला फर्मावलं.

नूरबी गोंधळली. बोट घरच्या दारात चेंगरलं, असं मशीन शिकवताना तिला खुद्द वर्षालीनेच सांगितलं होतं. तिने त्या अर्ध्या बोटाकडे पाहिलं, मग चिकटपट्टीकडे.

"कुठलं दार होतं, ताई?" तिने विचारलं.

"हेच," वर्षाली प्रेसवर हात ठेवून म्हणाली.

ज्योतीराम पुन्हा ओरडला. नूरबीने दोन्ही हात काखेत घट्ट धरले आणि ती मशीनपासून मागे सरकली.