ब्रह्मचाऱ्याचं झाड

वरकुट्याच्या सारजाच्या परसात रामायणातली बहुतेक मंडळी नांदत होती. पाटाच्या कडेला रामफळ, कुडाला सीताफळ, उकिरड्यापाशी काटेरी सालीचं लक्ष्मणफळ. न्हाणीच्या पत्र्यावर पसरलेला कृष्णफळाचा वेल तेवढा चुकून दुसऱ्या पोथीतनं आलेला. शेजारच्या प्रयागबाई म्हणायच्या, "सारजे, रावण तेवढा ऱ्हायलाय बघ."

"त्यो घरात हाय, काकी. आत्ता रानात गेलाय."

रावण म्हणजे नवरा, दादासो. माणूस वाईट नव्हता. पण जे दूध देत नाही आणि कारखान्याला जात नाही, ते त्याला दिसायचंच नाही.

सहा वर्षांपूर्वी बारामतीला मिरचीची रोपं आणायला गेलेली सारजा मिरची विसरून हनुमानफळाचं रोप घेऊन आली होती. रोपवाला म्हणाला होता, गर लोण्यासारखा, बिया थोड्या, आणि अख्ख्या तालुक्यात कुणाकडं नाही. शेवटचं ऐकल्यावर बाकीचं ऐकायची तिला गरज उरली नव्हती. झाड माणसाच्या वर गेलं. तीन उन्हाळे भरभरून फुललं, आणि तिन्ही वर्षं फुलं मुकाट गळून पडली.

गावानं कारण लगेच शोधलं. "मारुतीचं झाड," प्रयागबाई म्हणाल्या, "त्यो ब्रह्मचारी. त्येला फळ कसं धरंल?"

थट्टा करता करता लोकांचा त्यावर विश्वासच बसला. दादासोचा जरा जास्त बसला, कारण नव्या जर्सी गाईला गोठा बांधायचा होता आणि झाड नेमकं नळाजवळ, गोठ्याच्या जागेत उभं होतं.

"बैलांचा बेंदूर झाला की खांबाचं खड्डं घेणार," तो म्हणाला. "तवर फळ दिसलं तर ऱ्हाऊ दे. न्हाय तर चुलीला."

"मारुतीचं झाड चुलीला घालणार?"

"त्येला बायकापोरं न्हाईत. कोण रडणार हाय?"

सारजा रडणार होती, पण ते सांगून उपयोग नव्हता. सासरे बिरूआबा खाटेवर बसून ऐकत होते. त्यांची निम्मी हयात मेंढरांमागं कोकणाच्या वाटा तुडवण्यात गेली होती. आता कळप विकून ते नुसते गुडघे सांभाळत होते.

वैशाखात गाय माजावर आली. दुधाच्या डेअरीचा डॉक्टर मोटरसायकलवर आला, गाय बघितली आणि कृत्रिम रेतनाची नळी न काढताच परत निघाला. "सकाळी माजावर आली ना? मग संध्याकाळी भरायची. संध्याकाळी आली असती तर उद्या सकाळी. वेळ चुकली की नळी वाया."

संध्याकाळी येऊन त्यानं काम उरकलं. आबांना ते काही पटलं नाही. "ना वळू, ना वळूचं तोंड. आन म्हणं वासरू हुणार," ते पुटपुटले.

सारजा शेणाची पाटी घेऊन दारात उभी होती. तिनं पाटी खाली ठेवली. "आबा, झाडाची पण वेळच चुकत आसंल का?"

दुसऱ्या कुणी तिला येड्यात काढलं असतं. मेंढक्याला मात्र हा प्रश्न रास्त वाटला. आबांनी खाट झाडाखाली हलवायला लावली आणि चार दिवस फुलांवर पाळत ठेवली, जशी पूर्वी मेंढ्यांवर ठेवत. पाचव्या दिवशी त्यांनी निकाल दिला.

"एकच फूल दोन सोंगं घेतंय. पहिल्या दिशी सकाळी जरासंच उघडतंय, तवा बाई. आत चिकट लागतंय. दुसऱ्या दिशी दुपारनं सताड उघडतंय, तवा बाप्या. भुकटी झडती. बाप्या दारात येस्तवर बाई झोपलेली. ब्रह्मचारी कसला, चुकामूक हाय नुसती."

"मग?"

"दुपारची भुकटी राखून ठिव. सकाळच्या फुलाला लाव."

भुकटी कुंकवाच्या रिकाम्या डबीत राहिली. आबांनी घोंगडीची लोकर उपसून आगकाडीला गुंडाळली. दिवस उगवायला सारजा स्टुलावर चढली आणि एकेका फुलात काडी फिरवू लागली.

कुडापलीकडनं प्रयागबाईंचं डोकं वर आलं. "काय चाललंय गं?"

"मारुतीचं लगीन."

"आगं पाप लागंल. कुणासंगं?"

"सोताशीच. भायेरची बाई आणली आसती तर तुमीच बोलला आसता."

दादासोनं दात घासता घासता बघितलं. "आता खुळीच झाली ही."

"गाईला नळी चालती, माझ्या झाडाला काडी चालंना व्हय? आन मी निदान हळू हातानं करती. तुमच्या डॉक्टरानं मोटरसायकल बी बंद केली नव्हती."

चाळीसेक फुलं झाली. उन्हाच्या झळांनी बरीच करपली. सारजा ओली पोती फांद्यांवर टाकत राहिली. पण या खेपेला काही पाकळ्या गळल्या तरी देठाला हरभऱ्याएवढी हिरवी गाठ मागं राहिली. वळवानं त्यातल्या निम्म्या पाडल्या. तेव्हापासून सारजा चहाच्या आधी झाडाखाली जाऊन यायची, आणि मगच तिला चहाची चव लागायची.

बेंदराच्या दुसऱ्या दिवशी दादासो पहार घेऊन परसात गेला. सारजा चुलीपाशीच भाकरी थापत बसली. बाहेर गेलं तर तोंड सुटेल, आणि सुटलं तर तो हट्टाला पेटेल, हे तिला माहीत होतं. पहारीचा आवाज काही येईना. तव्यावरची भाकरी करपली, तशी ती उठलीच.

आबांची खाट खड्ड्याच्या जागेवर होती. आबा खाटेवर होते.

"सरका, आबा," दादासो पहार सरसावत म्हणाला.

"सरकतो. आधी वर बघ. किती?"

"चार," दादासो म्हणाला. लिंबाएवढी चार फळं त्याच्या डोक्यावर लोंबत होती.

"आन गाय?"

गाय त्याच सकाळी उलटली होती, पुन्हा माजावर आली होती.

"म्हंजे नळी वाया गेली," आबा म्हणाले, "आन काडी लागू पडली."

दादासोनं पहार खांद्यावर टाकली. मग तीन हात बाजूला जाऊन त्यानं खड्डा घेतला. गोठा तिरका झाला. दिवस कलला की ऊन सरळ गाईच्या तोंडावर यायचं.

दिवाळीनंतर पहिलं फळ पिकलं. सारजानं ते ताटलीत चिरलं. दादासोनं एक फोड चावून बराच विचार केला.

"सीताफळासारखंच लागतंय की."

"जरा येगळं हाय," सारजा म्हणाली, तीही फारशी खात्री नसताना.

"हुं." त्यानं दुसरी फोड घेतली, मग तिसरी. आबांची उचलायला गेला तेव्हा आबांनी त्याच्या हातावर चापट मारली. बी थुंकून तो झाडाकडं बघत म्हणाला, "शेंड्याला तुझा हात पोचत न्हाय. पुढल्या साली वरची फुलं मी करतो."

"करा की. पण ती दिवस उगवायला करायची आसत्यात. न्याहारी झाल्यावर न्हाय."