बोटभर जिताडे

तीन वर्षांमागच्या पुरात वैतरणेने वळसा घ्यायचा कंटाळा केला आणि सरळ वाट फोडून ती समुद्राला मिळाली. जुनं वळण मागे राहिलं. त्याचं वरचं तोंड गाळाने बुजलं, खालचं नदीला जोडलेलं राहिलं. आत पाणी संथ, काठाने तिवरांची मुळं. भरतीबरोबर जिताडा माशाची बोटभर पिल्लं आत शिरत आणि मोठ्या माशांच्या तावडीतून सुटून मुळांच्या आडोशाला मजेत वाढत.

मासे दिसले, तशी मालकी आली. एका काठाला मर्सीची वाडी, दुसऱ्या काठाला तिच्या दिराची, प्लासिडची. आधी दोघं कचाकचा भांडली, मग अबोला धरला. मासे पळू नयेत म्हणून मर्सीने तोंडाशी आपल्या बाजूने बांबू रोवून जाळी ताणली. प्लासिड कसला ऐकतोय? त्याने उरलेल्या भागात मातीच्या गोण्या रचल्या.

यंदा त्या दोन्हींत गाळ अडकला आणि तोंड पार बंद झालं. ऑक्टोबरच्या उन्हाने पाणी तापलं. एका सकाळी मर्सीने पाहिलं, तर सगळी पिल्लं वर येऊन तोंडं उघडत होती. भरती लागत होती, पण वाट मोकळी नसेल तर तिचा काय उपयोग? प्लासिडला सांगावं, तर आधी बोलावं लागणार. ते काही तिच्याने होईना.

कोयता घेऊन ती एकटीच निघाली. तोंडाशी पोचते तर प्लासिड कमरेएवढ्या चिखलात उभा राहून तिचेच बांबू उपटत होता. मर्सीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती खाली उतरली आणि त्याच्या गोण्या फाडायला लागली. तो डोळे वटारून आणखी जोरात उपटू लागला. तिनेही हात चालवला.

शेवटचा बांबू निघाला, शेवटची गोणी फुटली आणि भरतीचं पाणी असं घुसलं की दोघंही चिखलात बसली. थोड्या वेळाने पिल्लांनी खाली बुडी मारली. मुळांशी त्यांची पळापळ दिसू लागली. मर्सीचा जीव भांड्यात पडला.

"वयनी," प्लासिडने तोंडावरचा चिखल पुसला, "पानी तर आलं. आता मासे कोनाचे?"

"मोठे तर होऊ दे. मग भांडू."

तो हसला, तीही हसली. इतके दिवस गप्प राहून तिला कळलं होतं, भांडायला या मेल्यासारखं दुसरं माणूस मिळत नाही.