दुसऱ्या सुट्टीचे पातेले

लेकीने पातेल्यात पळी बुडवली, वरवरचा रस्सा उचलला आणि ओठांशी नेला, तोच मावशींनी तिच्या मनगटावर टिचकी मारली.

“आधी ढवळ.”

“नुसती चव बघतेय ना, आई.”

“कसली चव? हे वरचं तेल आहे. तळापासून ढवळल्याशिवाय पातेल्यात काय आहे ते कळत नाही.”

लेकीने निमूटपणे दोन्ही हातांनी पळी धरली आणि तळापर्यंत नेऊन फिरवली. खाली बसलेले बटाटे आणि गाजरे वर आली. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्याचे ते कॅन्टीन होते आणि पातेले एवढे मोठे की लहानपणी लेकीला त्यातच आंघोळ घातली होती, असे मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. कॉलेजात संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलीबद्दल असे काही सांगू नये, एवढेच लेकीचे म्हणणे होते. कॉलेजच्या सुट्टीला घरी आली की तेही कुणी ऐकत नसे.

मावशी कारखान्यात कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या, पण फाटकावरच्या रखवालदारापासून सगळे त्यांना मावशीच म्हणत. त्यांच्या हाताखाली एकच माणूस होता, पैलवान. तो इतका हडकुळा की पंखा मोठा केला तर त्याला खांबाला धरावे लागेल, अशी थट्टा चाले. त्यातूनच ते नाव पडले होते. पोती उचलायला म्हणून तो आला, पोते काही उचलेना, तेव्हा मावशींनी त्याला शेगडीपाशी उभे केले आणि सगळे शिकवले. जेवणाच्या सुट्ट्या दोन होत्या. आता पहिल्या सुट्टीचे पातेले तोच करी. दुसऱ्या सुट्टीचे मात्र मावशी स्वतः करत. दुसऱ्या सुट्टीत भट्टीवाले जेवायला येत. आगीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला आपल्याच हातचे वाढायचे, हा त्यांचा बाणा होता.

त्या दिवशी मात्र त्यांचे चित्त थाऱ्यावर नव्हते. सकाळीच मॅनेजरने बोलावून घेतले होते. तक्रारपेटी चिठ्ठ्यांनी भरली होती. जेवण खारट आहे, जेवण बिघडले आहे, कॅन्टीन बदला. वाचून दाखवताना मॅनेजरने पदरचे काही घातले नाही. माणूस तसा सज्जन होता. तो एवढेच म्हणाला की कंत्राट महिनाअखेर संपते आहे, आणि एक कंपनी बंद डब्यांतून तयार जेवण पुरवायला टपून बसली आहे. हे कंत्राट मावशींनी लेक पोटात असताना घेतले होते.

“पेटीतली एकही चिठ्ठी चांगली नव्हती,” मावशी म्हणाल्या. “म्हणजे सगळेच वैतागलेत माझ्यावर.”

पळी फिरवता फिरवता लेक थांबली. नमुना म्हणजे काय, हे कॉलेजात सरांनी तीनदा सांगितले होते. तिने ती व्याख्या सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली होती आणि चाचणीत चुकीची लिहून आली होती. आता पळी हातात होती आणि तळाचे गाजर वर येत होते.

“आई, पेटीत चिठ्ठी टाकायला कोण उठतं?”

“ज्याचं डोकं फिरलंय तो.”

“आणि ज्याला जेवण आवडलं तो?”

मावशींनी विचार केला. “तो ढेकर देऊन कामाला जातो.”

“मग पेटी म्हणजे हे वरचं तेल झालं,” लेक म्हणाली. “आपण तळापासून ढवळून बघू.”

मावशींना हे पहिल्याच फटक्यात पटले. आयुष्यभर त्या दुसरे काय करत आल्या होत्या?

दुसऱ्या दिवशी ताटे परत देण्याच्या खिडकीपाशी लेकीने एक बाक ओढून घेतला आणि त्यावर पाच बरण्या ओळीने मांडल्या. बरण्या कारखान्याच्याच, जरा वाकड्या निघाल्या म्हणून बाजूला टाकलेल्या. एका टोकाच्या बरणीवर ‘अगदी अळणी’ अशी चिठ्ठी, दुसऱ्या टोकाला ‘फार खारट’, मधोमध ‘बरोबर’, आणि उरलेल्या दोन अधल्यामधल्या. ताट ठेवायला येणाऱ्या दर दहाव्या माणसाच्या हातात ती एक सुका वाटाणा ठेवी आणि तो हव्या त्या बरणीत टाकायला सांगे. पहिल्या सुट्टीला पांढरा वाटाणा, दुसऱ्या सुट्टीला हिरवा. रंग वेगळे का, असे मावशींनी विचारले तेव्हा लेक म्हणाली की तिलाही नक्की सांगता येणार नाही, पण पातेली दोन आहेत तर वाटाणेही दोन असावेत.

मावशींना हा खेळ भलताच आवडला, पण त्याचे नियम पचेनात. पॅकिंगमधला एक जाडा माणूस दिसला की त्या खिडकीतून खुणा करत, याला विचार, हा आपला माणूस आहे. लेक मान हलवी. तो सातवा होता. भट्टीचा मुकादम आला की मावशी उलट खुणा करत, कारण तो जन्माचा कुरकुऱ्या. पाणीसुद्धा त्याला कधी पुरेसे ओले लागले नव्हते. नेमका तोच दोनदा दहावा आला. दोन्ही वेळा लेकीने त्याच्या तळहातावर वाटाणा ठेवला.

“अगं, याला सोडून पुढच्याला दे की,” मावशी कुजबुजल्या.

“मग ते निवडणं झालं, आई. ढवळणं नाही.”

मावशींनी तोंड फिरवले, पण ताटे विसळणाऱ्या पैलवानाला त्या हळूच म्हणाल्या की बघ, माझंच मला शिकवते. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

घरी स्वयंपाक वडील करत. दिवसभर पातेल्यांशी झुंजून आलेल्या बायकोला घरी चमचाही उचलू द्यायचा नाही, असे त्यांनी लग्नानंतर ठरवले होते आणि पाळलेही होते. दोनेक वर्षांपासून मात्र त्यांच्या मनात एक सल होता. मावशी पहिला घास खात, काही बोलत नसत आणि मिठाची डबी पुढे ओढत. त्या रात्रीही तसेच झाले. मावशींनी भाजीवर मीठ भुरभुरले, घास घेतला आणि पुन्हा भुरभुरले.

“एकदाचं सांगून टाक,” वडील म्हणाले. “माझा हातच वाईट आहे.”

“हात चांगला आहे. मीठ घालायला भिता तुम्ही.”

वडिलांनी लेकीकडे बघितले. लेकीला भाजी बरोबर लागली होती. पण नवराबायकोच्या भांडणात कोण पडणार, म्हणून ती ताटात बघत राहिली.

शनिवारी कॅन्टीन रिकामे झाल्यावर ती बरण्यांसमोर बसली. दारातून पाहिले तर काळजीचे काही कारण नव्हते. मधली बरणी सगळ्यांत जास्त भरलेली, दोन्ही बाजूंना उतरत गेलेली, एखाद्या टेकडीसारखी. पण जवळ बसले की रंग दिसत. मधल्या बरणीत जवळजवळ सगळे वाटाणे पांढरे होते. हिरवे खारटाच्या दोन बरण्यांत जाऊन बसले होते. पहिल्या सुट्टीला माणसे जास्त, म्हणून पांढरे जास्त, म्हणून मधली बरणी उंच. एवढीच ती टेकडी होती.

पांढरे पैलवानाचे. हिरवे आईचे. लेकीच्या डोळ्यांपुढे घरची मिठाची डबी आली.

पैलवान फडके घेऊन बाजूला येऊन उभा राहिला. त्यानेही बरण्या बघितल्या.

“मावशींची पाठ वळली की मी त्यात तांब्याभर पाणी ओततो,” तो म्हणाला. “पण किती ओतणार.”

“तुम्ही सांगितलं का नाहीत त्यांना, काका?”

“मला मीठ किती घालायचं ते त्यांनीच शिकवलं. मी काय सांगू?” त्याने फडके झटकले. “साहेब दारातूनच बघणार. पांढरे-हिरवे जरा हलवून सारखे केले तर कुणाला कळणार नाही.”

लेकीने एका बरणीवर हात ठेवला. बरणी हलकी होती. क्षणभर तिने ती बाकावरून उचललीही, आणि मग होती तिथेच ठेवली. घरी गेल्यावर आईने विचारले तेव्हा ती म्हणाली की मधली बरणी उंच आहे. खोटे ते नव्हतेच. मावशींचा जीव भांड्यात पडला आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्या शांत झोपल्या. लेकीला मात्र झोप लागली नाही.

सोमवारी मॅनेजर आला आणि खरोखरच दारात उभा राहिला.

“मधली सगळ्यांत उंच,” तो म्हणाला. “म्हणजे सरासरी काढली तर मीठ बरोबर आहे. मी उगाच त्या पेटीच्या नादी लागलो. मावशी, कागद पाठवून देतो, सही करा.”

मावशींनी पदराने कपाळ पुसले आणि लेकीकडे मोठ्या कौतुकाने बघितले. लेकीचा चेहरा उतरलेला होता. चूल नीट पेटत नसली की तिचा धूर जसा लगेच ओळखू येतो, तसा तो चेहरा मावशींना लहानपणापासून ओळखू येई.

“काय झालं? बोल.”

“साहेब, जरा जवळ येऊन बघा,” लेक म्हणाली. “ही सरासरी दोन पातेल्यांची मिळून आहे. ती चव कुणाच्याच ताटात पडलेली नाही. पांढरे वाटाणे पहिल्या सुट्टीचे. त्यांचं जेवण बरोबर आहे. हिरवे दुसऱ्या सुट्टीचे. ते खारट खातात. तक्रारपेटीत चिठ्ठ्या टाकणारे फार थोडे आहेत, पण खोटं लिहीत नाहीत.”

मॅनेजर वाकला. त्याने चष्मा वर केला, एकेक बरणी बघितली.

“दुसऱ्या सुट्टीचं पातेलं कोण करतं?”

लेक बरण्यांवरच्या चिठ्ठ्या सरळ करू लागली.

“मी करतो, साहेब,” पैलवान म्हणाला.

तो इतक्या पटकन बोलला की मॅनेजरचा विश्वासही बसला असता. पण मावशी बरण्यांपाशी आल्या होत्या. त्यांनी हिरवे वाटाणे बघितले, मग पांढरे. बराच वेळ बघितले. घरच्या मिठाच्या डबीवर जाणारा आपला हात त्यांना तेव्हा दिसला असावा, कारण तो हात त्यांनी एकदा उलटसुलट करून पाहिला.

“गप रे,” त्या पैलवानाला म्हणाल्या. “दुसरं पातेलं माझं आहे, साहेब. जिभेनं दगा दिला आणि मला कळलं नाही. पहिलं याचं. याला मी शिकवलंय.” मग त्यांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. “आणि ही माझी मुलगी. हिला दारातून दाखवून मोकळं होता आलं असतं.”

लेक रडत होती. मावशी रडत नव्हत्या. भर बाजारात कुणी आपल्या मुलीचे कौतुक करावे तशा त्या ताठ उभ्या होत्या.

मॅनेजरने चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग त्याने विचारले की या बरण्या कायमच्या इथे ठेवता येतील का. जाताना त्याने तक्रारपेटी भिंतीवरून काढून बगलेत मारली. कागद संध्याकाळपर्यंत आला.

घरी वडिलांनी सगळे ऐकून घेतले. बायकोची जीभ गेली याचे त्यांना वाईट वाटले, हे खरे. पण शेवटी त्यांना राहवलेच नाही.

“म्हणजे माझी भाजी दोन वर्षं बरोबर होती?”

“होती,” मावशी म्हणाल्या आणि मिठाची डबी त्यांच्याकडे सरकवली.

लेकीची सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी दुसरे पातेले तयार झाले तेव्हा मावशी बाजूला हात बांधून उभ्या राहिल्या. रस्सा त्यांनीच केला होता. मीठ मात्र पैलवानाने घातले. तो पळी घेऊन वरवरची चव बघायला गेला, तशी त्यांनी त्याच्या मनगटावर टिचकी मारली. त्याने तळापासून ढवळले, चव घेतली आणि मान हलवली. मग मावशींनी ताट घेतले आणि भट्टीवाल्यांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना सगळ्यांबरोबर बसून जेवताना कारखान्यात आजवर कुणी पाहिले नव्हते.

जेवून त्या ताट ठेवायला खिडकीपाशी आल्या. लेकीने मोजत मोजत वर बघितले आणि हिरवा वाटाणा पुढे केला.

“मला कशाला? माझी जीभ कामाची नाही. मागच्याला दे.”

“दहावी तू आहेस, आई.”

मावशींनी वाटाणा घेतला. नव्या आठवड्याचे हिरवे वाटाणे आता मधल्या बरणीत पांढऱ्यांबरोबर बसलेले होते. काही शेजारच्या दोहोंत. अगदी अळणीची बरणी रिकामी होती. त्या क्षणभर थांबल्या. मग आपल्याला जसे लागले होते तसे, त्यांनी वाटाणा त्या रिकाम्या बरणीत टाकला. काचेवर तो टणकन वाजला.

तेवढ्यात मागून भट्टीचा मुकादम आला. त्याने वाकून बघितले.

“हा कोण दीडशहाणा? आज तर मीठ अगदी नेमकं आहे. चुकून पडलेला दिसतोय, काढून टाक गं.”

लेक बरणीकडे बघत राहिली. तिने हात लावला नाही.

“तो माझा आहे,” मावशी मुकादमाला म्हणाल्या. “आणि ती नाही काढायची. कुणाचाच काढत नाही ती. तुमचे दोन ठेवलेच ना तिने?”

मावशींनी आपले ताट विसळायच्या ताटांत सरकवले आणि पदर खोचून आत गेल्या. पैलवान म्हणतो की त्या दिवशी त्यांनी ती पाच बरण्यांची गोष्ट दुधवाल्यालाही सांगितली, आणि आंघोळीची सांगायची विसरल्या.