आधी कच्चा टाका

आमच्या घरात कुठलीही वस्तू आधी खोटी येते, मग खरी. लोकांना सांगितलं की हसतात. हसू देत. फ्रिज घ्यायचा होता तेव्हा ह्यांनी फ्रिजच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं आणून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभं केलं, आणि कितीतरी दिवस मी त्या खोक्याला वळसा घालून स्वयंपाक केला. त्याला ह्यांनी दारसुद्धा कापलं होतं. येता जाता उघडायचे, आत डोकावायचे, बंद करायचे. पलंग घेण्याआधी जमिनीवर खडूने पलंग आखला आणि आम्ही दोघं मुकाट्याने त्या रेघांच्या आत झोपलो. मुलगा व्हायच्या आधी तर टोपलीत भोपळा ठेवून मला घरभर फिरवलं. पुढे त्या भोपळ्याची भाजी करायला माझा हात धजेना.

ह्याचं मूळ ह्यांच्या धंद्यात आहे. हे शिंपी. कोटांचे. कोट आधी कच्च्या टाक्यांनी जोडायचा, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा, लांबून बघायचं, खडूने खुणा करायच्या, मगच मशीनवर घ्यायचा. "कच्चा टाका ओढला की निघतो," हे म्हणतात. "पक्का उसवलास तर कापडाला भोकं राहतात." आता दुकान बंद झालं, हात थरथरतात, सुईत दोरा ओवायला मला हाक मारावी लागते, पण सवय काही सुटली नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं मी परवा सहज बोलून गेले आणि जीभ चावली. कारण ह्यांच्या छातीचं दुखणं निघाल्यापासून आमच्या घरात तो शब्द कोणी काढत नाही.

घरामागे आमचं अंगण आहे. फार मोठं नाही, पण आमचं आहे. पलीकडच्या भिंतीशी ह्यांनी लावलेला गुलाब, आणि बाकी सगळं गवत. ते गवत हे वर्षानुवर्षं विळ्याने कापत आले. डॉक्टरीणबाईंनी वाकायची बंदी केली आणि गवताला रान मोकळं मिळालं. बघता बघता कमरेएवढं झालं. दुपारी वारा सुटला की ते सगळं एका अंगावर झोपायचं, मग दुसऱ्या अंगावर. मी भांडी घासता घासता खिडकीतून बघत राहायचे आणि नळ तसाच वाहायचा.

अशाच एका दुपारी हे गवतात नाहीसे झाले. मी खिडकीतून बघितलं तेव्हा होते, पुन्हा बघितलं तर नाहीत. हाका मारल्या, उत्तर नाही. वाटलं, गेले असतील कोपऱ्यावर. ऊन उतरल्यावर बाहेर गेले तर गवताच्या मधोमध उताणे पडलेले, बाजूला विळा. चोरून कापायला गेले होते. धाप लागली म्हणून आडवे झाले, मग उठवेना. आणि हे काय म्हणाले? "अगं, आत छान वाटतं. वर फक्त आभाळ, आणि तुझ्या हाका लांबून लांबून येतात." कपाळ माझं!

मुलाला कळायचं ते कळलंच. तो परगावी असतो, फोनवर ओरडला. "आई, बस झालं. महिनाअखेरीला येतोय, गवंडी ठरवलाय. सगळं अंगण फरशीने झाकून टाकू. आज दिसले तुला, उद्या नाही दिसले तर?" बोलणं खरं होतं. हे मात्र ऐकून बसूनच राहिले. ह्यांनी त्या अंगणाइतकं दुसऱ्या कशाला आपलं म्हटलेलं नाही. मी फोन परत हातात घेतला आणि म्हटलं, "तू येशील तेव्हा गवत घोट्याखाली दिसलं तर?" तो म्हणाला, "बाबांना न वाकता कापता आलं तर बघू. नाहीतर फरशी."

म्हणून मशीन घ्यायचं ठरलं. उभ्याने गवत कापायचं मशीन, ज्याला पातं नसतं, नायलॉनची दोरी गरगर फिरते आणि गवत उडवते. हे ऐकून ह्यांचा चेहरा खुलला. "दोऱ्याने कापतं? आयुष्यभर दोऱ्याने जोडत आलो, आता हेही बघू!" मी म्हटलं, पुरे, आधी खिसा बघा.

दुकानात काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती. तिने तीन प्रकार दाखवले. पेट्रोलचं, बॅटरीचं आणि वायरचं. ह्यांनी एकेक हातात घेऊन डोळे मिटले, जणू कापडाचा पोत बघतायत. मग तिला म्हणाले, "ठीक आहे, घरी करून बघतो." ती बिचारी गोंधळली. "काका, घरी नेता येणार नाही, विकत घ्यावं लागेल." मी म्हटलं, "बाई, तू लक्ष नको देऊस."

घरी आल्यावर तीन खोटी मशीनं तयार झाली. पेट्रोलचं म्हणजे खराट्याचा दांडा, त्याच्या वरच्या टोकाला पाण्याने भरलेला डबा, आणि खांद्याला जुन्या पिशवीचा पट्टा. बॅटरीचं म्हणजे दुसरा दांडा, कोपरामागे बांधलेली अर्धी वीट. वायरचं सगळ्यात हलकं, तोही खराट्याचाच दांडा. खाली वाळूची पुरचुंडी, आणि मागे कपडे वाळत घालायची दोरी, जिचं दुसरं टोक स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला.

पेट्रोलचं घेऊन हे थोडेसे चालले आणि पायरीवर बसले. पहिल्याच फेरीत नापास. खरं मशीन सुरू करायला दोरीला हिसका मारावा लागतो म्हणे, तो ह्यांना कोण मारू देणार? बॅटरीचं जमत होतं, पण नुसत्या बॅटरीची किंमत ऐकूनच मला घाम फुटला होता, आणि ती म्हातारी झाली की नवी घ्या. "म्हातारं झालं की नवं घेता येतं, हे बरं आहे," हे म्हणाले. मी डोळे वटारले.

उरलं वायरचं. स्वस्त, हलकं, आणि अंगण एवढंसं, वायर सहज पुरते. पण ते हातात घेण्याऐवजी हे मला म्हणाले, "तू धर. मला लांबून बघू दे. अंगावरचा कोट घालणाऱ्याला कधी दिसतो का?"

आणि मग आमच्या त्या दुपारी सुरू झाल्या. ऊन कलतं झालं की मी खराट्याचा दांडा घेऊन गवतात उतरायचे आणि हे मागून, दोरी सावरत. "डावीकडून उजवीकडे. सावकाश. पाळणा हलवल्यासारखं. आणि आवाज काढ."

"कसला आवाज?"

"मशीनचा. आवाज नसला की हात खोटा फिरतो."

काय सांगू! ह्या वयात मी तोंडाने घर्रर्र करत अंगणात हिंडत होते. शेजारीण भिंतीवरून डोकावून म्हणाली, "काय हो, गवत झाडताय?" मी म्हटलं, "हो, धूळ फार बसलीय." ती गेली ती परत डोकावली नाही.

पण खरं सांगते, दोन-तीन दिवसांत मला ते आवडायला लागलं. गवत अंगाला घासायचं, डोळे आपोआप अर्धे मिटायचे, माझाच आवाज कुठून तरी लांबून यायचा. एक काडी कापली जात नव्हती, आणि तरी शपथेवर सांगते, कापलेल्या गवताचा वास यायचा. मागे ह्यांची पावलं. मी मागे वळून बघायचे नाही. बघितलं की मोडेल असं वाटायचं, काय मोडेल ते ठाऊक नाही. एकदा पायरीवर बसल्या बसल्या डुलकी लागली तर स्वप्नात गवत फरशी फोडून खोलीत आलं होतं आणि हे गळ्यात टेप घालून त्याचं माप घेत होते. गवत अगदी शहाण्यासारखं हात वर करून उभं होतं. जागी झाले तर हे खरंच समोर उभे, टेप हातात, आणि माझ्या कोपरापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजत होते. मी म्हटलं, हे काय? म्हणाले, "काही नाही, झोप."

मग दुकानात जाऊन खरं मशीन आणलं. वायरच्या मशीनमध्ये दोन होती. एक लांब दांड्याचं, ह्यांच्यासारख्या उंच माणसाचं. दुसरं आखूड, दांडा वरखाली होणारं, थोडं स्वस्तही. ह्यांनी आखूडावर हात ठेवला. मी तिथेच म्हटलं, "अहो, खेळण्यातलं आहे हे! कमरेत वाकावं लागेल तुम्हाला!" काउंटरवरची मुलगी विचारत होती, वापरणार कोण? हे म्हणाले, "घरचेच," आणि खिशात हात घातला.

घरी येऊन ह्यांनी मधली मूठ सरकवली. स्क्रू आवळताना हात थरथरला, म्हणून तो मी आवळला. मग मशीन ह्यांच्या हातात दिलं तर हे धनुष्यासारखे वाकलेले. "बघा! सांगत होते ना!"

"माझं सोड. तू धरून बघ."

मी धरलं. कोपर जिथे हवं तिथे, मनगट सरळ, पाठ ताठ. ह्यांनी शिवलेला कोट अंगात घातला की खांदा जसा आपोआप आपल्या जागेवर बसतो, तसं ते मशीन माझ्या हातात बसलं. मी बघतच राहिले.

"हे माझ्या मापाचं आहे," मी म्हटलं.

"कोट ज्याचा त्याच्या मापाचा."

असा संताप आला मला! "मला नको तुमचा कोट! अंगण तुमचं, गवत तुमचं, आणि मी काय म्हणून..." मशीन भिंतीला टेकवलं आणि आत जाऊन रडले. भीती वाटत होती. इतके दिवस वाटतच होती, पण दांडा हातात घेऊन घर्रर्र करताना तिचा आवाज ऐकू येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा यायचा होता. म्हणजे कापायचं तर आजच. मी जाड बूट घातले, डोळ्यांना चष्मा लावला. हे दाराच्या आत खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "आज मी नाही असं समज."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. हाक मारलीस तरी ओ देणार नाही. एकदा करून बघू."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खराट्याचा दांडा, वाळूची पुरचुंडी, हे सगळं एका बाजूला. ह्या वेळी घरात जी वस्तू आधी खोटी आली होती, ती मशीन नव्हतीच. मला ओरडायचं होतं. पण ह्यांनी ओठ घट्ट मिटून छताकडे बघायला सुरुवातही केली होती. मग मीही हट्टाला पेटले. बरं, नाही तर नाही!

मशीन सुरू केलं. माझ्या घर्रर्रपेक्षा त्याचा आवाज बारीक होता, पण हात ओळखीने फिरायला लागला. डावीकडून उजवीकडे. गवत उभ्या उभ्या आडवं व्हायला लागलं, हिरवा धूर उडाला, आणि तोच वास, जो इतके दिवस खोटा येत होता. कुठे आहोत, किती वाजले, सगळं विसरले. मागे पावलं नाहीत, एवढंच काय ते वेगळं होतं.

गुलाबापाशी पोचले आणि पाय अडकला. वायर! ती माझ्या बुटाभोवती गेली होती, तिथून गुलाबाच्या बुंध्याला, तिथून आणखी कुठे. फिरती दोरी वायरपासून वीतभर. मी हाक मारली, "अहो, वायर!" उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. दारातून दिसत होतं, खुर्चीचे हात ह्यांनी गच्च धरले होते आणि डोळे अजून छतावर. मी मागे सरकले, वायर ताणली, गुलाब जमिनीपर्यंत वाकला, घरात प्लग निघाला आणि मशीन गप्प झालं.

सगळीकडे एकदम शांत. मी तशीच एका पायावर उभी.

"तुमच्या मापात चूक आहे," मी तिथूनच म्हटलं.

हे छताकडे बघत राहिले. पण शिंप्याला असं म्हटल्यावर तो किती वेळ गप्प बसेल? "चूक कसली? एक सूतही चूक नाही."

"ट्रायलच्या वेळी ती कपडे वाळत घालायची दोरी कोणी धरली होती?"

ह्यांची नजर छतावरून खाली, माझ्याकडे आली.

"रोज माझ्या मागे दोरी खांद्यावर घेऊन कोण चालत होतं? माझं कोपर मोजलंत, दांडा मोजलात, अंगण मोजलंत. स्वतःला कुठे वजा केलंत? हा टाका चुकलाय. उसवा."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आत जाऊन प्लग लावला, पायरी उतरले, सावकाश, एकेक पाऊल. खाली न वाकता माझ्या बुटाची वायर पायाने सोडवली, गुलाब सरळ केला, वायर खांद्यावर घेतली. "ओढला की निघतो, कच्चाच होता," असं पुटपुटले. ह्यांचे डोळे ओले होते. माझेही होते, पण मी चष्मा लावला होता.

उरलेलं अंगण आम्ही तसंच कापलं, मी पुढे, हे मागे.

सकाळी मुलगा आला तो बूट काढून थेट अंगणात गेला आणि अनवाणी फिरत राहिला. गवंड्याला तिथूनच फोन केला, नको म्हणून. मग मी कापलं हे ऐकून मशीनकडे बघत म्हणाला, "आई, हे काय घेतलंत? वायरची केवढी कटकट. बाबांना मागे मागे फिरावं लागत असेल. पुढच्या वेळी बॅटरीवालं घेऊन देतो."

मी म्हटलं, "खबरदार!"