गोधडीचा मुक्काम

"निघ बाहेर! निघ म्हणतो ना! तुझं सगळं खानदान निघालं, तुला काय वेगळं आवतण धाडू?"

किडेबाबा गोधडीवर पंख्याचे फटके मारत होते आणि बंद पडलेल्या तेलगिरणीच्या पत्र्याखाली सगळी वस्ती माना उंचावून उभी होती. मधोमध जाड गोधडीचा तंबू झाला होता. आत बसलेला आजारी जीव, त्याच्यापुढे निखाऱ्यांचं मडकं आणि पाण्याची परात. बाबांनी आत हात घालून निखाऱ्यांवर चिमूटभर औषध टाकलं. तडतड झाली, धूर दाटला, आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. मग परात बाहेर आली. पाण्यावर पांढरे, वाकडे, बारीक किडे तरंगत होते.

"आत खाज, बाहेर कीड!" बाबा गरजले. बायकांनी तोंडावर हात ठेवले. पुरुषांनी किळस आल्यासारखं केलं आणि लगेच आणखी पुढे वाकून पाहिलं.

गोधडीचं टोक धरून उभ्या असलेल्या शिंप्याचा ऊर भरून आला. आतला आजारी जीव म्हणजे त्याची चार वर्षांची धाकटी होती आणि ती गोधडी त्यानेच बाबांना शिवून दिली होती. एवढ्या मोठ्या कार्यात आपलाही एक टाका आहे, या विचाराने तो हल्ली जरा छाती पुढे काढूनच चालायचा.

बाबांचं शास्त्र सोपं होतं. कीड रक्तात असते आणि धुराला भिऊन बाहेर उडी मारते. "दवाखान्याचं मलम लावाल तर ती आतल्या आत कोंडेल आणि थेट मेंदूत चढेल!" असं ते सांगत. सांगताना त्यांची स्वतःची नखं मात्र बोटांच्या बेचक्यात अखंड चालू असत. कुणी विचारलंच तर ते डोळे मिटून म्हणत, "तुमची खाज मी माझ्या अंगावर घेतो रे!" ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

खरा मान मात्र गोधडीचा होता. ती धुवायची नाही, नाहीतर तेज जातं. ती रोज नव्या घरी मुक्कामाला जायची आणि घरातली लहानथोर मंडळी रात्रभर तिच्याखाली दाटीवाटीने झोपायची. ज्या घरी ती राहून गेली, त्या घरात महिनाभर सगळं सुखरूप असायचं. महिना उलटला की खाज सुरू. त्यावरून वस्तीने हिशोब लावला होता: गोधडी महिनाभर घर राखते, मग तिचा गुण ओसरतो. म्हणून तिला पुन्हा बोलवायचं. पाळीसाठी शेजाऱ्या-शेजाऱ्यांत भांडणं लागत. शिवणाऱ्याचा मान म्हणून शिंप्याची पाळी सगळ्यांआधी येई, आणि बहुधा म्हणूनच त्याचं घर सगळ्यात जास्त खाजवत होतं.

"अहो, कीड निघाली ना?" घरी आल्यावर बायकोने विचारलं.

"परातभर निघाली."

"मग ही खाजवतेय ते काय?"

"बाबा म्हणाले, मूळ खोल आहे."

"मूळ खोल आहे की अक्कल उथळ आहे?" बायको म्हणाली आणि मुलीचे हात धरून बसली. मनगटांवर, बोटांच्या मध्ये, पोटावर फोड आले होते. काही पुवाने भरले होते. मुलगी रडून रडून दमली होती आणि झोपेतही खाजवत होती.

सकाळी मुलीचे डोळे सुजल्यासारखे दिसले. बायकोने विचारलंही नाही. मुलीला कडेवर घेतलं आणि दवाखान्याची वाट धरली. शिंपी मागोमाग धावला तो तिला अडवायला. पण भर रस्त्यात बायकोला अडवण्याची त्याची छाती नव्हती, त्यामुळे तोही दवाखान्यात पोहोचला.

दवाखाना म्हणजे एक खोली, एक टेबल आणि मान हलवत फिरणारा पंखा. सूक्ष्मदर्शक यायचा होता, गेली काही वर्षं तो येतच होता. डॉक्टरीणबाईंनी मुलीची लघवी मागवून तीत एक कागदी पट्टी बुडवली. पट्टीचा रंग बघून त्यांनी सुस्कारा सोडला.

"अजून मूत्रपिंडाला धक्का नाही. डोळे रडून सुजलेत. पण हे फोड असेच पिकत राहिले तर त्यांची बाधा मूत्रपिंडापर्यंत जाईल. मग खाजेवर भागायचं नाही, पोरगी जिवाला मुकेल."

बाईंनी मुलीच्या बोटांच्या बेचक्यात शाईचं पेन घासलं आणि स्पिरिटच्या बोळ्याने शाई पुसली. सगळी शाई निघाली, एक बारीक नागमोडी रेघ तेवढी राहिली.

"हा तर धावदोरा!" शिंपी नकळत बोलून गेला.

"धावदोराच. कातडीखाली बोगदा आहे, शाई त्यात उतरलीय. आणि शिवणारीण आहे या टोकाला." बाईंनी सुईने टोकाजवळचा ठिपका अलगद उचलला आणि मोबाइलला भिंग लावून शिंप्यापुढे धरला. पडद्यावर एक गोल, बुटका जीव आखूड पाय हलवत होता. "खरजेचा किडा. मादी आहे, आत अंडी घालते."

"पण... बाबांचे किडे लांबुळके असतात. तांदळाच्या कणीएवढे."

"तुम्ही शिंपी ना? मग तुम्हीच सांगा. त्या मापाचं बटण या काजातून जाईल?"

शिंप्याने रेघेकडे पाहिलं. सुईचं टोकसुद्धा जेमतेम मावेल एवढी ती रुंद होती. आयुष्यात त्याने देवावर, पुढाऱ्यांवर आणि बाबांवर विश्वास ठेवला होता, पण मापाशी कधी तडजोड केली नव्हती. "नाही जाणार," तो म्हणाला.

"हा किडा अंगाला अंग लागून पसरतो, एका पांघरुणात झोपून पसरतो. तुमच्याकडे बाहेरचं पांघरूण येतं का कुठलं?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने चाचरत गोधडीची सगळी कथा सांगितली.

"आणि खाज महिन्याने सुटते म्हणता? दादा, पहिल्यांदा हा किडा शिरला की शरीराला त्याचा पत्ता लागायलाच तीन-चार आठवडे जातात. गोधडीचा गुण ओसरत नाही, गोधडीने दिलेली खरूज तेव्हा कळते. माणसाच्या अंगाविना हे किडे दोन-तीन दिवसांत मरतात. पण तुमच्या गोधडीला एक दिवसही सुट्टी नसते."

शिंप्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आपण प्रेमाने शिवलं आणि घरोघरी दुखणं वाटलं, पहिला वाटा आपल्याच लेकीला दिला, हे त्याच्या काळजाला फार लागलं.

बाईंनी पुवावर औषध दिलं, खरजेचं मलम दिलं. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, आठवड्याने पुन्हा. कपडे उकळत्या पाण्यातून काढायचे. "पण ती गोधडी फिरतीच राहिली तर शेजारून खरूज परत येईल. वस्तीला समजावणार कोण?"

"बोलून कुणी ऐकायचं नाही," शिंपी म्हणाला. "दाखवावं लागेल."

पुढची मुक्कामाची पाळी त्याचीच होती. दुसऱ्या दिवशी तो आणि बायको एका हातगाडीवरून गोधडीत नखशिखांत गुंडाळलेली बाई घेऊन गिरणीत आले. गोधडीसकट तिला अलगद मडक्यापुढे ठेवलं.

"मेहुणी आहे, बाबा. अंगभर खाज. फार लाजाळू हो, तोंडातून शब्द काढत नाही."

बाबांनी गोधडीवरूनच खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. "कळलं! बाई रागीट आहे. डोक्यात सतत विचार. हातांची नुसती आग होते हिच्या!"

"अगदी बरोबर ओळखलंत," शिंपी म्हणाला. मागे उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंना खोकल्याचं सोंग करावं लागलं.

चिमूट पडली, तडतड झाली, धूर दाटला. परात बाहेर आली. किडेच किडे!

"बघा, केवढी कीड भरली होती बाईत!"

"बाबा, पाहुणीला जरा वारा लागू द्या," असं म्हणत शिंप्याने गोधडी ओढली. खाली त्याच्या दुकानातला कपडे मापायचा पुतळा होता. अंगावर अर्धवट शिवलेला झगा. हात नाहीत, डोकं नाही, मानेच्या जागी लाकडी मूठ.

पुढे वाकलेली गर्दी झटकन मागे सरली. मग एक म्हातारे काका हात जोडून पुढे आले. "काय हे सामर्थ्य! निर्जीवातूनसुद्धा कीड काढली!"

"काका," शिंप्याची बायको म्हणाली, "मग यांच्या मेहुणीने कधी खाजवलं कसं नाही?"

एका कोपऱ्यातून हसू फुटलं आणि पत्र्यांना जाऊन भिडलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी पुतळा बाजूला सारला, परातीत नवं पाणी घेतलं आणि बाबांच्या पुडीतून चिमूट उचलून निखाऱ्यांवर टाकली. शेजारी ना माणूस, ना पुतळा. तडतड झाली आणि परातीत किडे हजर.

"ही रस्त्याकडेच्या काटेरी रिंगणीची बी आहे," त्या म्हणाल्या. "उष्णतेने फुटते आणि आत दुमडलेला पांढरा कोंब उडून पडतो. हा किडा नाही, उगवायचं राहून गेलेलं रोप आहे. पण तुमची खाज खरी आहे. तिचा किडा बघायचाय कुणाला?"

कुणीच हात पुढे करेना. तेव्हा बाईंनी बाबांचाच हात धरला, बेचक्यात शाई घासली आणि पुसली. एक रेघ नव्हे, नागमोडी रेघांचं जाळंच उमटलं.

"लोकांची खाज अंगावर घेतो म्हणायचात ना? एवढी एक गोष्ट मात्र खरी बोललात."

बाबांचा आवाज पार खाली आला. "ते मलम... फार चुरचुरतं का हो?"

त्या दिवशी गिरणीच्या जुन्या काहिलीत गोधडी उकळली. दवाखान्यापुढे रांग लागली. रांगेच्या शेवटी बाबाही उभे होते, आणि मलम घेऊन ते जे गेले ते पुन्हा दिसले नाहीत. काकांनी गोधडीचा एक तुकडा देवघरासाठी मागितलाच. शिंप्याने तिची दवाखान्यासाठी पायपुसणी शिवली. आठवड्याने दुसऱ्यांदा मलम लागलं, फोड वाळले, आणि पुढे हळूहळू त्याची धाकटी हात पसरून गाढ झोपू लागली. तिच्या उशाशी बसून शिंपी पहिल्यांदा मनसोक्त रडला.

पुतळा आता दुकानाच्या दारातच असतो. कुणी नव्या बाबाची, नव्या अंगाऱ्याची, हमखास गुणाची बातमी घेऊन आला की शिंपी मशीन थांबवतो. "चांगलं आहे," तो म्हणतो. "आधी माझ्या मेहुणीवर करून बघा. तिलाही गुण आला तर समजा, तो गुण तुमच्या डोळ्यांत धूळ फेकणाऱ्याचा आहे."

तुम्हीही असंच करा. प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही, पदवी लागत नाही. डोकं लागतं, आणि ते पुतळ्याला नाही, तुम्हाला आहे.